चार वायरी आणि तीन टनांचा ट्रेलर

अमेरिकेतल्या महामार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने चाललेल्या ३,००० किलोच्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये सुमारे ११.६ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. तो ओढणाऱ्या अडीच टनी पिकअपमध्ये आणखी सुमारे ९.६ लाख. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर थांबताना ही सगळी ऊर्जा पिकअपच्या चार चाकांनाच उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. शिवाय मागचे धूड हिचमधून, म्हणजे दोन गाड्यांच्या जोडातून, पुढच्या गाडीला ढकलत राहते. ओल्या वळणावर किंवा उतारावर दोन्ही गाड्या मधोमध दुमडतात त्या याच ढकलण्यामुळे. तिथल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १,३६० किलोंपेक्षा, जड ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. (आपल्याकडे हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि बहुतेकींना ब्रेकच नसतात. उतारावर ट्रॅक्टरचे काय होते, ते त्या पट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको.)

अशा ट्रेलरचे ब्रेक बहुधा विजेवर चालतात. ते पुढच्या गाडीतून चालवणारा डबा, म्हणजे ब्रेक कंट्रोलर, कसा जोडायचा, ते इथे पाहू. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एका तरफेच्या टोकाला विद्युतचुंबक बसवलेला असतो. करंट सुरू झाला की चुंबक ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो आणि फिरता ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढून नेतो. चुंबक सरकला की तरफ वळते आणि ब्रेक शू, म्हणजे घासून थांबवणाऱ्या पट्ट्या, ड्रमवर दाबले जातात. १० किंवा १२ इंची ब्रेकच्या चुंबकाचा रोध साधारण ३.२ ओहम असतो. त्यातून १२ व्होल्टला पावणेचार अॅम्पिअर करंट जातो, म्हणजे ४५ वॅट, जुन्या पिवळ्या बल्बइतकी शक्ती. एवढ्याने पाऊण टनाचा भार पेलणारे चाक थांबते, कारण शू दाबण्याचे खरे काम फिरणारा ड्रमच करतो. वीज फक्त त्याला कामाला लावते. म्हणूनच उभ्या ट्रेलरला हे ब्रेक धरून ठेवतील असा भरवसा धरू नये. ब्रेक तपासतानाही चाक उचलून हाताने फिरवावे लागते.

किती करंट सोडायचा, हे ठरवतो हा ब्रेक कंट्रोलर. तो दोन प्रकारचा मिळतो. स्वस्त प्रकारात पेडल दाबल्यापासून मोजून ठरावीक वेळात करंट वाढवला जातो. हळू थांबा किंवा कचकन थांबा, त्याला फरक कळत नाही. दुसऱ्यात वेगबदल मोजणारा संवेदक असतो आणि पिकअप जितक्या जोरात मंदावेल तितका करंट मागे जातो. डोंगराळ भागात जाणाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी पहिला प्रकार घेऊ नये. मात्र दुसरा बसवताना त्याची दिशा सांभाळावी लागते. तो गाडीच्या चालीच्या रेषेत आणि आडवा समपातळीत हवा. थोडा तिरका बसला, तर त्याला मंदावणेच चुकीचे दिसते.

कंट्रोलरमधून चार वायरी निघतात. काळी बॅटरीच्या धन टोकाकडे, पांढरी अर्थला, लाल ब्रेक पेडलच्या स्विचकडे आणि निळी मागे ट्रेलरकडे. काळी आणि पांढरी उलट जोडली गेली, तर कंट्रोलर कायमचा जातो. म्हणून काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक सोडून ठेवावे.

नव्या पिकअपमध्ये टोइंग पॅकेज, म्हणजे ट्रेलर ओढण्याची कंपनीची तयार सोय, असेल, तर डॅशबोर्डखाली तयार सॉकेट असते. गाडीच्या मॉडेलची जोडवायर आणली की दहा मिनिटांत काम होते. फोर्डच्या सुपर ड्यूटीत २००५ पासून कंपनीचाच कंट्रोलर मिळू लागला. पण तयार सॉकेट दिसले म्हणजे वीज आहेच, असे धरू नये. २०००च्या दशकातल्या बऱ्याच शेव्हरोले सिल्व्हराडोंत बोनेटखालची लाल वायर फ्यूजपेटीजवळ टेप लावून नुसती ठेवलेली असते. ती फ्यूजपेटीच्या स्टडला, म्हणजे वायर अडकवायच्या बोल्टला, आपणच जोडायची असते. आधी मल्टिमीटरने वीज तपासावी, मग सॉकेटमध्ये प्लग घालावा.

सॉकेट नसेल तर वायरी स्वतः ओढाव्या लागतात. काळ्या वायरीवर, बॅटरीजवळ, आपोआप पुन्हा जोडला जाणारा सर्किट ब्रेकर लावावा. ट्रेलरच्या चार चाकांपर्यंत २० अॅम्पिअरचा, सहा किंवा जास्त चाकांना ३० चा. साधा फ्यूज चालत नाही, कारण घाटात शॉर्ट होऊन फ्यूज उडाला, तर पुढचा सगळा उतार ब्रेकशिवाय काढावा लागेल. या ब्रेकरचा तांब्याच्या रंगाचा स्टड बॅटरीकडे आणि चंदेरी स्टड कंट्रोलरकडे येतो. वायर इंजिनाच्या खोलीतून केबिनमध्ये येते त्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. नाहीतर पत्र्याची कड काही महिन्यांत इन्सुलेशन कापते.

लाल वायर पेडलच्या स्विचवर, पेडल दाबल्यावरच १२ व्होल्ट दाखवणाऱ्या टोकाला जोडायची. सोपे पडते म्हणून ती टेल लॅम्पकडून घेण्याचा मोह होतो. बऱ्याच अमेरिकी पिकअपमध्ये ब्रेकलाइट आणि इंडिकेटर एकाच बल्बवर असतात. अशा गाडीत इंडिकेटर लावला की कंट्रोलरला दर टिकटिकीला ब्रेक दाबल्याचा भास होतो, आणि वेळ मोजून करंट वाढवणारा स्वस्त कंट्रोलर ट्रेलरला खरोखरच झटके देतो. पिवळ्या वेष्टणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांच्या आसपास छिद्र पाडू नये. कंट्रोलरचा डबाही गुडघा आपटणार नाही, पण त्याच्यावरची हाताने चालवायची कळ बसल्या जागी सापडेल, असा बसवावा. ट्रेलर डुलू लागला, तर पायाचा ब्रेक न मारता ही कळ दाबायची असते. फक्त ट्रेलरची चाके धरली की तो मागे ओढला जाऊन सरळ होतो.

आता निळी वायर. बहुतेक तक्रारी इथेच जन्मतात आणि दोष डब्याला मिळतो. चार चुंबक समांतर जोडलेले, म्हणजे एकूण रोध ०.८ ओहम. वायरीला रोधच नसता, तर १२.६ व्होल्टला १५.७५ अॅम्पिअर गेले असते. कंट्रोलरपासून चाकांपर्यंत १५ मीटर वायर धरा. १२ गेजच्या वायरीचा रोध सुमारे ०.०८ ओहम, म्हणून १४.३ अॅम्पिअर उरतात. तीच १६ गेजची, म्हणजे पातळ, घेतली तर रोध ०.२ ओहम होतो आणि करंट १२.६ वर येतो. एक पंचमांश ताकद वाटेतच गेली, आणि वायरीत ३० वॅटहून जास्त उष्णता. यात परतीच्या पांढऱ्या वायरीचा हिशेब नाही. हिचच्या गोळ्यातून अर्थ मिळतोच, असे म्हणणाऱ्यांच्या ट्रेलरमध्ये निम्मा त्रास तिथूनच येतो, कारण त्या गोळ्यावर ग्रीस आणि गंज दोन्ही असतात. वायरी जोडायला पटकन चिमटणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा वापरू नयेत. पाणी शिरले की तांबे हिरवे पडते. क्रिम्प करून, म्हणजे टोके धातूच्या नळीत दाबून, वर तापवल्यावर आकसणारी हीट-श्रिंक नळी चढवावी.

ट्रेलर जोडून कळ पूर्ण दाबा आणि निळ्या वायरीवर अॅमीटर धरा. चार चाकांना इंजिन चालू असताना १२ ते १५ अॅम्पिअर यायला हवेत. तीन चाकांपुरताच करंट दिसला, तर एक चुंबक तुटलेला आहे. तो शोधायला साधे होकायंत्र पुरते: ड्रमजवळ धरल्यावर कळ दाबताना सुई हलली नाही, तर तेच चाक. शॉर्ट दिसला, तर आधी अॅक्सलच्या नळीत घासणारी वायर बघावी.

गेन, म्हणजे ब्रेकचा जोर ठरवणारा कंट्रोलरवरचा आकडा, ठरवताना कोरडा, सपाट रस्ता घ्या. ताशी ४० किलोमीटरला फक्त कळ दाबा आणि चाके घसरण्याच्या जरा अलीकडे येईपर्यंत आकडा वाढवत न्या. घसरणारे चाक कमी थांबवते आणि दिशाही सोडते. भार बदलला की हे पुन्हा करावे, पावसात आकडा उतरवावा. नवे शू असतील, तर आधी ताशी ६५ वरून ३० वर येत कळीने वीसेक वेळा घासून घ्यावेत, मध्ये थंड होऊ द्यावेत. पहिल्या ३२० किलोमीटरनंतर शू पुन्हा जुळवावेत, पुढे दर ४,८०० ला. बेअरिंगमध्ये ग्रीस जास्त भरले, तर ते चुंबकापर्यंत पोचते आणि गेन कितीही वाढवला तरी ते चाक लागत नाही.

ट्रेलर सुटला तर त्याची चाके धरणारा पिनचा स्विच वेगळा असतो आणि तो ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर चालतो. अमेरिकी केंद्रीय नियमानुसार हे ब्रेक किमान १५ मिनिटे धरलेले राहायला हवेत. पिन ओढून तपासताना ट्रेलरच्या वायरी पिकअपला जोडणारा सात पिनांचा प्लग आधी काढावा, कारण उलटा करंट कंट्रोलर जाळू शकतो. चाके धरली हे बघून पिन लगेच परत घालावी, नाहीतर बॅटरी संपते.