स्वच्छ, खमक्या, मुरलेला : महाराष्ट्राने नेता मोजायची मापे

१ डिसेंबर २००८ रोजी आर. आर. पाटील यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा आणि गृहखात्याचा राजीनामा दिला. मुंबईवरच्या हल्ल्यात ज्या त्रुटी उघड झाल्या त्या एका माणसाच्या नव्हत्या, त्यांचा हिशेब लावायला पुढे राम प्रधान समिती नेमावी लागली. पण आबांचे पद गेले ते त्या त्रुटींपेक्षा एका वाक्यामुळे. मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतच असतात, अशा अर्थाचे काहीतरी ते हिंदीत बोलून गेले. हिंदी काही त्यांची जिभेवरची भाषा नव्हती. ऐकणाऱ्यांना त्यात सिनेमातला संवाद ऐकू आला आणि दिवसभर तेच वाक्य टीव्हीवर फिरत राहिले.

तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचा हा माणूस ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकलेला. १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आलेला, १९९० पासून आमदार. ग्रामस्वच्छता अभियानासारखा उपक्रम त्यांच्या नावावर, साधेपणाबद्दल विरोधकही बोट ठेवत नसत. म्हणजे स्वच्छ तर होतेच, मुरलेलेही होते. नापास झाले ते बोलण्यात. आणि गंमत अशी की वर्षभरातच, २००९ च्या निवडणुकीनंतर, तेच पुन्हा गृहमंत्री झाले. मग पेपर तपासला कोणी, टीव्हीने की तासगावने?

या प्रश्नाचे मूळ बरेच जुने आहे. चारित्र्य, शैली आणि अनुभव ही तीन मापे आपण एका दमात उच्चारतो, पण महाराष्ट्राने ती एकदम कधी लावलेली नाहीत. कोणत्या काळात नेत्याला जवळून पाहिलेली माणसे कोण होती, यावर ते माप ठरत गेले.

सुरुवात पुण्यात झाली. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत गेले होते. इकडे पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या सोजिरांच्या वागणुकीबद्दल ओरड होती. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी तिकडे जाहीर आरोप केले. परतल्यावर ते सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. एक माफी मागून मोकळा, दुसरा तुरुंगात. पुण्याने दोघांना शेजारी शेजारी उभे केले आणि गोखल्यांवर भित्रेपणाचा शिक्का मारला. ज्याचा पुरावा देता येत नाही ते विधान मागे घेणे हेही चारित्र्यच, असे म्हणणारे थोडे होते. मला ते थोडे लोक बरोबर वाटतात, पण तेव्हा जिंकले दुसरे.

गोखल्यांनी यातून काय घेतले ते १२ जून १९०५ रोजी दिसले. त्या दिवशी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना झाली. सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करायची, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही, अशी शपथ. राजकारणात येणाऱ्याने आधी आपले वागणे चार सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पारखून घ्यावे, ही त्यामागची कल्पना. पाच वर्षांची ही उमेदवारी आजच्या इच्छुकांना सांगून पाहावी!

लोकमान्यांच्या मापाचा वारसा मात्र तुरुंगाकडे गेला. १९०८ ची सहा वर्षांची मंडालेची शिक्षा झाल्यावर ‘किती वर्षे आत होतास’ हा नेत्याचा दाखला झाला. १९४२ च्या चळवळीने तो खेडोपाडी पोचवला. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह निसटलेले वसंतदादा पाटील पुढे मुख्यमंत्री झाले. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम. ते कोणी विचारले नाही, कारण त्यांच्याबरोबर जिवावरचा प्रसंग काढलेली माणसे जिल्ह्यात हयात होती. शिक्षण बेताचे असलेल्या याच मुख्यमंत्र्याने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. हा निर्णय चांगला की वाईट यावर आजही वाद घालता येतो, पण मार्कशीट पाहून नेता ओळखता येत नाही एवढे त्यावरून दिसते.

यशवंतराव चव्हाणांचे उदाहरण सगळ्यांत बोलके. १९५५-५६ च्या सुमारास नेहरू की संयुक्त महाराष्ट्र असा पेच पडला तेव्हा त्यांनी नेहरूंची बाजू घेतली, आणि त्यांची तुलना थेट सूर्याजी पिसाळाशी झाली. मराठीत यापेक्षा खालचा शेरा नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली आणि कऱ्हाडमधून ते स्वतः थोडक्यात वाचले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शने केली. ठिणगी पडायला एवढेसे निमित्त पुरले असते. दोन्ही बाजूंनी संयम राहिला आणि दिवस पार पडला. पुढे महाराष्ट्र आणि गुजरात यांचे एकत्र द्वैभाषिक राज्य चालत नाही हे दिल्लीला पटवण्यात त्यांचा वाटा होता. १ मे १९६० ला राज्य झाले, मंगल कलश आणल्याचे श्रेय त्यांना मिळाले, आणि १९६२ मध्ये विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. सूर्याजी पिसाळ म्हणून हिणवलेल्या माणसाबद्दल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तो संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला निघाला तेव्हा, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे म्हटले गेले. चारित्र्याचा शेरा सहा-सात वर्षांत इतका फिरलेला मला तरी दुसरा आठवत नाही.

पण त्यांच्या काळातली जास्त टिकाऊ गोष्ट वेगळीच. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावची विकास सोसायटी, ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, बाजार समिती, जिल्हा बँक, साखर कारखाना, मग आमदारकी : अशी शिडी तयार झाली. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष. शहरात हीच शिडी महापालिकेची. मनोहर जोशी १९६८ मध्ये मुंबईत नगरसेवक झाले, नंतर महापौर, आणि १९९५ मध्ये मुख्यमंत्री. देवेंद्र फडणवीस नगरसेवक आणि महापौर होऊनच विधानसभेत गेले.

या शिडीवर माणूस शिकतो, असे नेहमी म्हटले जाते. शिकतोच. शिक्षकांच्या बदल्या, पाझर तलावाचे एस्टिमेट, सोसायटीची वसुली आणि ती न करण्यासाठी येणारे फोन, हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. पण शिडीचा खरा उपयोग त्याहून वेगळा होता. तिच्यामुळे दहा-पंधरा वर्षे तालुका त्या माणसाला पाहत असे. पैसे खातो का, दिलेला शब्द पाळतो का, हरल्यावर कसा वागतो, गरिबाला दारात किती वेळ बसवतो, हे सगळे पारावर माहीत असे. अनुभव हा चारित्र्याचा साक्षीदार होता, म्हणून दोन मापे वेगळी लावावी लागत नसत.

या चित्रात काळे कोपरेही होते. शिडीची पहिली पायरीच अनेकांच्या वाटेला येत नसे. कारखान्याचा चेअरमन आणि त्याचा मुलगा यांना ती सोपी, भूमिहीनाला किंवा बाईला अवघड. महिलांना घटनात्मक आरक्षण ७३ व्या घटनादुरुस्तीने मिळाले, म्हणजे शिडी उभी राहून तीस वर्षे झाल्यावर. त्याआधी मृणाल गोरे यांच्यासारख्या बाईने महापालिकेपासून लोकसभेपर्यंतची वाट हंडा मोर्चे काढून बनवली. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिले ते कामावरून. आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून अकरा वेळा आमदार झाले, एसटीने फिरले, पण मंत्रिपदाची वर्षे त्यांच्या वाट्याला फार थोडी आली. चारित्र्यावर मतदारसंघ मिळतो, खाते मिळेलच असे नाही.

शैलीकडे त्या काळात स्वभाव म्हणून पाहत. वसंतराव नाईक पाइप ओढत, घाई करत नसत. महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असे ते पुण्यात शनिवारवाड्यासमोर म्हणाले होते. दोन वर्षांनी कोणी दोर घेऊन गेले नाही, उलट ते अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले. शंकरराव चव्हाणांना मंत्रालयात ‘हेडमास्तर’ म्हणत, आणि आमदारांना हेडमास्तर फार काळ सोसत नाहीत.

१९७८ मध्ये एक नवा शब्द आला. शरद पवारांनी वसंतदादांचे सरकार पाडले आणि १८ जुलैला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हा वाक्प्रचार तेव्हापासून राजकारणातला कायमचा पाहुणा आहे. जो दुखावला त्याने तो वापरायचा, आणि पुढच्या फुटीत त्याच्यावरच तो उलटायचा. खंजिराच्या या आरोपाने कोणाची कारकीर्द संपल्याचे उदाहरण मात्र सापडत नाही.

चारित्र्याची मोजणी कोर्टात गेली ती अंतुल्यांमुळे. जून १९८० मध्ये दिल्लीच्या मर्जीने मुख्यमंत्री झालेले बॅ. ए. आर. अंतुले धडाक्याचे माणूस. संजय गांधी निराधार योजना त्यांचीच, कुलाब्याचे रायगड झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत, जालना आणि सिंधुदुर्ग हे नवे जिल्हेही तेव्हाचेच. लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणाही त्यांचीच. निर्णय उभ्याउभ्या होत, आणि लोकांना ते आवडत होते. मग सिमेंट आले. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होते, परवान्याशिवाय पोते मिळत नसे. बिल्डरांना जादा कोटा आणि त्या बदल्यात ट्रस्टांना देणग्या, असा आरोप झाला. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांना जावे लागले. फौजदारी खटला वर्षानुवर्षे सर्वोच्च न्यायालयात घुटमळला, शिक्षा काही झाली नाही, आणि ते पुढे केंद्रात मंत्री झाले. निराधार योजनेचे पैसे घेणाऱ्या म्हातारीला सिमेंटबद्दल विचारले असते तर तिने काय सांगितले असते?

१९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांची पाळी आली. मुलीच्या एम. डी. परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात न्यायालयाने ताशेरे मारले आणि नऊ-दहा महिन्यांतच खुर्ची गेली. २०१० मध्ये मुंबईतल्या ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या घोटाळ्यावरून अशोक चव्हाण गेले. पक्षाने स्वतःहून चारित्र्य तपासले असे यांत कुठे दिसत नाही. कोर्ट नाहीतर वर्तमानपत्र बोलेपर्यंत सगळे आलबेल.

‘आदर्श’ने हात पोळल्यावर दिल्लीने पृथ्वीराज चव्हाणांना पाठवले. स्वच्छ, उच्चशिक्षित, पंतप्रधान कार्यालयात काम केलेले, पण विधिमंडळात कधी न बसलेले. प्रत्येक फाइल वाचायची ही त्यांची सवय, आणि काही वर्षांतच तोच दोष ठरला. सही करताना हाताला लकवा भरतो की काय, असा टोला शरद पवारांनी २०१३ मध्ये हाणला. सिमेंटच्या फायली वेगात निघाल्या म्हणून एक गेला, जमिनीच्या फायली अडल्या म्हणून दुसरा बदनाम. २०१४ मध्ये काँग्रेस ४२ जागांवर आली.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी उमेदवाराला मालमत्ता, गुन्हे आणि शिक्षण यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. चांगलेच झाले. पण तो कागद वाचताना लक्षात येते की त्यात ‘दारात किती वेळ बसवतो’ हा रकाना नाही. जो आकडा पूर्वी गावाला अंदाजाने ठाऊक होता तो आता सगळ्यांना नेमका कळतो, आणि गावाला जे नक्की ठाऊक होते ते कोणालाच कळत नाही. उरतो कॅमेरा. नोव्हेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांनी एकही निवडणूक लढवलेली नव्हती. पाचच महिन्यांत कोरोनाच्या काळात फेसबुक लाइव्हवरचे त्यांचे संथ, घरगुती बोलणे हीच त्यांची ओळख झाली. कोणाला त्यात कुटुंबप्रमुख दिसला, कोणाला घरात बसलेला मुख्यमंत्री. दोघांनी पाहिला होता तो एकच व्हिडिओ.

शिडीचे काय झाले? मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा तिढा, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा यांत निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. झेडपीच्या इमारती चालू राहिल्या, सभागृहांना कुलूप लागले. १९७९ मध्ये आर. आर. पाटील सांगली झेडपीवर निवडून आले तेव्हा त्यांचे वय बावीसच्या आसपास होते. मार्च २०२२ नंतरची तीन वर्षे त्या वयाच्या पोराला, बहुतेक जिल्ह्यांत, उभे राहायला झेडपीची निवडणूकच नव्हती.