स्विचवर फर्मवेअर चढवण्याच्या पद्धती : पार्श्वभूमी

कोकणात ऐन पावसाळ्यात नेटवर्क स्विचचे (अनेक संगणक तारेने एकमेकांना जोडणाऱ्या पेटीचे) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत साठवलेला प्रोग्रॅम, बदलायला जाणकार माणूस सहसा धजावत नाही, कारण नवी फाइल फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी मजकूर राखणाऱ्या मेमरीत) लिहिली जात असताना लाइट गेली आणि यूपीएसही बसला, तर जुनी इमेज (फर्मवेअरची फाइल) पुसलेली आणि नवी अर्धवट, अशा अवस्थेत स्विच अडकतो. फाइल पोहोचवण्याच्या ज्या तीन-चार पद्धती आजही एकाच स्विचमध्ये आढळतात, त्या अशाच निरनिराळ्या अडचणींतून आलेल्या आहेत.

कल्पना या कंपनीने १९९० मध्ये सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला, आणि १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. त्या सुमाराच्या बऱ्याच नेटवर्क उपकरणांत प्रोग्रॅम ईप्रॉम चिपमध्ये, म्हणजे जागेवर पुन्हा लिहिता न येणाऱ्या चिपमध्ये, असे. आवृत्ती बदलायची म्हणजे झाकण उघडून चिपच बदलायची. फ्लॅश मेमरी आल्यावर हे काम तारेवरून होऊ लागले.

सर्वांत साधी वाट कन्सोल केबलची, म्हणजे लॅपटॉप थेट स्विचला जोडणाऱ्या तारेची. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिलेला एक्समोडेम हा फाइल पाठवण्याचा प्रोटोकॉल (ठरलेली पद्धत) १२८ बाइटचे तुकडे पाठवतो. कन्सोलचा वेग ९६०० बॉड (इथे सेकंदाला ९६०० बिट) असेल, तर ८ एमबीच्या इमेजला अडीच तास तरी लागतात. तरीही बूटलोडरखेरीज (स्विच सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमखेरीज) काहीच शिल्लक नसलेला स्विच पुष्कळदा याच वाटेने सावरतो. मात्र त्यासाठी केबल घेऊन कोणीतरी राजापूर किंवा गुहागरपर्यंत प्रत्यक्ष जावे लागते.

टीएफटीपी या नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलचे विवरण १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. बूट रॉमच्या तुटपुंज्या जागेत मावेल इतका हा प्रोटोकॉल लहान ठेवलेला होता, त्यामुळे त्यात पासवर्ड नाही आणि फाइलींची यादी पाहण्याची सोयही नाही. ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, पोच मिळेपर्यंत थांबायचे, मगच पुढचा. एकाच खोलीत हे खपून जाते. पण सर्व्हर मुंबईत, स्विच सावंतवाडीत आणि जाण्यायेण्याला ४० मिलिसेकंद लागत असतील, तर २० एमबीच्या फाइलचे ४०,९६० तुकडे पोहोचायला सुमारे २७ मिनिटे जातात, मग लाइन कितीही रुंद असो. सिस्कोच्या स्विचवर तेवढा वेळ उद्गारचिन्हांची रांग सरकत राहते आणि मुदतीत तुकडा आला नाही की मध्येच टिंब उमटते. शिवाय तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने मूळ पद्धतीत ३२ एमबीच्या पुढे मजल जात नसे. तुकड्याचा आकार वाढवण्याची प्रमाणित सोय १९९५ मध्ये झाली. टीएफटीपीला नावे ठेवण्याची रीतच पडली आहे, पण माझ्या मते दोष त्याला लांब पल्ल्याच्या लाइनवर राबवणाऱ्यांचा अधिक आहे.

एफटीपी हा फाइल पाठवण्याचाच प्रोटोकॉल याहून जुना. त्याचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे अभय भूषण यांनी १९७१ मध्ये मांडला. त्यात पासवर्ड आला, पण तो तारेवरून उघडाच जाई. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये संवाद सांकेतिक रूपात नेणारे एसएसएच लिहिले, आणि फाइलची नक्कल पाठवणारे एससीपी त्याच्याच आधाराने आले.

एससीपीतही पुढे तिढा निर्माण झालाच. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रचलित मुक्त प्रोग्रॅम) ९.० पासून एससीपीची आज्ञा आतून एसएफटीपी हा एसएसएचवरचाच दुसरा प्रोटोकॉल वापरू लागली. ज्या जुन्या स्विचमध्ये एसएफटीपी नाही, त्यांच्याकडे नव्या लॅपटॉपवरून फाइल जात नाही. तेव्हा आज्ञेत मोठ्या लिपीतल्या ‘ओ’चा पर्याय जोडून जुनी पद्धत मागून घ्यावी लागते.