सरकारी पेन्शन वजावट (अमेरिकेची सोशल सिक्युरिटी)

सरकारी नोकरीची पेन्शन घेणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटीच्या (पगारातून कापलेल्या करावर चालणाऱ्या केंद्रीय पेन्शन योजनेच्या) रकमेतून काही भाग कापण्याची अमेरिकेतील जुनी पद्धत. ती दोन नियमांनी चाले. नवरा किंवा बायको म्हणून आणि जोडीदाराच्या पश्चात मिळणाऱ्या लाभाला गव्हर्नमेंट पेन्शन ऑफसेट हा नियम लागे. त्याचे रोजच्या बोलण्यातले नाव जीपीओ (मुंबईकराने बोरीबंदरजवळची टपाल कचेरी तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी). माणसाच्या स्वतःच्या कमाईवर उभ्या राहणाऱ्या लाभाला लागणारा दुसरा नियम विंडफॉल एलिमिनेशन प्रोव्हिजन, ऊर्फ वेप. पहिला १९७७ चा, दुसरा १९८३ चा. ५ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष जो बायडेन यांनी सोशल सिक्युरिटी फेअरनेस अ‍ॅक्टवर सही केली आणि दोन्ही नियम संपले.

या वादाचे मूळ १९३५ च्या मूळ कायद्यात आहे. संघराज्याने राज्य सरकारांवर कर बसवणे घटनेत बसते का, अशी शंका तेव्हा होती. म्हणून राज्ये, नगरपालिका आणि शाळा यांचे कर्मचारी योजनेबाहेर ठेवले गेले. केंद्रीय कर्मचाऱ्यांची स्वतंत्र पेन्शन १९२० पासून चालू होतीच. १९५० नंतर राज्यांना करार करून आत येण्याची मुभा मिळाली. बरीच राज्ये आली, काही आली नाहीत. ओहायो, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया, इलिनॉय, लुइझियाना आणि टेक्सासचे बहुतेक शिक्षक, तसेच अनेक ठिकाणचे पोलीस आणि अग्निशामक दलाचे जवान आजही बाहेरच आहेत. त्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचा ६.२ टक्के कर कापला जात नाही. त्याऐवजी राज्याच्या पेन्शन निधीत वर्गणी जाते. केंद्रात १९८४ पासून नव्याने लागणाऱ्यांना मात्र योजनेत घेतले गेले.

सोशल सिक्युरिटीचे एक वैशिष्ट्य भारतीय वाचकाला चटकन उमगत नाही. लाभ फक्त कर भरणाऱ्याला मिळतो असे नाही. १९३९ पासून त्याच्या बायकोलाही मिळतो: तो हयात असताना त्याच्या पूर्ण रकमेच्या निम्म्यापर्यंत आणि त्याच्या पश्चात, आजच्या नियमाने, शंभर टक्क्यांपर्यंत. मात्र तिची स्वतःच्या कमाईवरची रक्कम असेल, तर दोन्ही बेरजेने मिळत नाहीत. जी मोठी असेल तेवढीच हाती पडते. महाराष्ट्र शासनात नवरा-बायको दोघे नोकरीत असले आणि एक गेला, तर दुसऱ्याला स्वतःच्या पेन्शनसोबत कुटुंब निवृत्तिवेतनही मिळते. आपल्याकडे त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. अमेरिकेत सर्वसामान्य नोकरदाराला ही सोय नाही. जीपीओवरचे सगळे भांडण समजून घेताना हा फरक डोक्यात ठेवावा लागतो.

जीपीओचा उगम एका खटल्यापाशी जातो. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत सुमारे पंचवीस वर्षे सेक्रेटरीचे काम करून, सोशल सिक्युरिटीचा कर भरून हॅना गोल्डफार्ब १९६८ मध्ये वारल्या. त्यांचे पती लिऑन हे निवृत्त केंद्रीय कर्मचारी होते. विधुर म्हणून त्यांनी लाभ मागितला तेव्हा, बायको तुमचा किमान निम्मा खर्च चालवत होती हे सिद्ध करा, असे त्यांना सांगण्यात आले. विधवांना असा पुरावा द्यावा लागत नसे. मार्च १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही अट लिंगभेद करणारी म्हणून रद्द केली. निकाल योग्यच होता. पण त्याने स्वतःची भक्कम सरकारी पेन्शन असलेल्या हजारो पुरुषांना बायकोच्या खात्यावरचा लाभ खुला झाला. पैसे जाणार म्हटल्यावर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, हलली आणि त्याच वर्षी डिसेंबरात जीपीओ आला. सुरुवातीला पेन्शनच्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर कापत. १९८३ मध्ये वजावट पेन्शनच्या दोन तृतीयांशांवर आणली गेली. दारात उभे पुरुष पाहून केलेल्या या नियमाचा फटका पुढे मुख्यतः बायकांनाच बसला, कारण शाळांत शिकवणाऱ्या बहुसंख्य त्याच होत्या.

एक उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी गोल धरून. ओहायोतल्या निवृत्त शिक्षिकेला महिना २,४०० डॉलर पेन्शन आहे. कारखान्यात काम केलेल्या नवऱ्याची सोशल सिक्युरिटी २,००० डॉलर. पेन्शनचे दोन तृतीयांश म्हणजे १,६००. नवरा असताना बायको म्हणून तिला १,००० मिळायचे, त्यातून १,६०० वजा केले की हाती शून्य. नवरा गेल्यावर विधवा म्हणून २,०००, वजा १,६००, उरले ४००. शेजारच्या घरातली बाई, जिने कधी पगारी नोकरीच केली नाही, ती विधवा झाल्यावर पूर्ण २,००० घेते. शिक्षिकेचा संताप इथूनच सुरू होतो, आणि तो समजण्यासारखा आहे.

आता तिसरी बाई घ्या. तिने खासगी कंपनीत नोकरी केली आणि तिची स्वतःची सोशल सिक्युरिटी १,६०० डॉलर आहे. तीही विधवा झाली तर नवऱ्याच्या खात्यातून तिला वर ४०० च मिळतात, शिक्षिकेइतकेच. फरक एवढाच की तिची बेरीज २,००० होते आणि शिक्षिकेची २,८००. शिक्षिकेची पेन्शन ही जणू तिची सोशल सिक्युरिटीच आहे असे धरून केलेले ते गणित होते. जीपीओवर टीका करणाऱ्यांच्या भाषणांत ही तिसरी बाई सहसा दिसत नसे. नियम रद्द झाल्यावर शिक्षिकेला २,४०० आणि २,००० मिळून ४,४०० मिळतात, तिसरीला मात्र २,००० च. जीपीओमागचा विचार चुकीचा नव्हता, असे म्हणावे लागते. दोन तृतीयांश हा आकडा मात्र ढोबळ होता. कुणावर तो जास्त पडे, कुणावर कमी.

वेपचे गणित वेगळे. सोशल सिक्युरिटी ३५ वर्षांच्या कमाईची मासिक सरासरी काढते आणि गरिबाच्या बाजूने झुकते माप देते. २०२४ मध्ये सरासरीच्या पहिल्या १,१७४ डॉलरवर ९० टक्के, ७,०७८ पर्यंतच्या पुढच्या भागावर ३२ टक्के आणि त्यावर १५ टक्के असा हिशेब होता. वीस वर्षे राज्याच्या शाळेत आणि पंधरा वर्षे इतरत्र काम केलेल्या माणसाच्या खात्यात वीस शून्ये पडतात. सरासरी घसरते आणि संगणकाला तो आयुष्यभराचा गरीब दिसतो. हे घबाड अडवायचे म्हणून पहिल्या भागावरचा दर ९० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत खाली आणला गेला. २०२४ मध्ये त्यामुळे जास्तीत जास्त ५८७ डॉलर कापले जात. मात्र वजावट पेन्शनच्या निम्म्याहून जास्त करता येत नसे. कर भरलेल्या नोकरीची ‘भरीव कमाईची’ वर्षे वीसपेक्षा जास्त असली तर दर वर्षामागे पाच टक्के परत मिळत आणि तीस वर्षे झाली की वेप लागतच नसे. कर भरणारा वारला की त्याच्या विधवेची रक्कम वेपशिवाय काढली जाई. वजावट सपाट असल्याने कमी पगाराच्या माणसाला ती तुलनेने जास्त बोचे. शिवाय कर भरून कमावलेल्या पैशाला सरकारने कायद्यात ‘विंडफॉल’ (घबाड) म्हणावे, याचा राग शिक्षक आणि पोलिसांच्या संघटनांनी शेवटपर्यंत धरला.

नियमातून पळवाटाही निघाल्या. निवृत्तीआधीचा शेवटचा दिवस कर भरणाऱ्या नोकरीत घातला तर जीपीओ लागत नसे. टेक्सासमध्ये हजारो शिक्षिकांनी याचा फायदा घेतला. काही शाळा जिल्हे (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) राज्याची पेन्शन आणि सोशल सिक्युरिटी अशा दोन्ही निधींत वर्गणी भरत. तिथे जाऊन त्या एक दिवस झाडलोट करत, स्वयंपाकघरात हात लावत किंवा कारकुनी करत, एका दिवसाचा कर कापून घेत आणि निवृत्त होत. एका दिवसाच्या त्या मजुरीवर आयुष्यभराचा जोडीदार-लाभ सुटे. २००४ च्या कायद्याने शेवटचे सलग साठ महिने कर भरला पाहिजे अशी अट घालून हे बंद केले. योजनेबाहेरच्या नोकरीत लागताना एसएसए-१९४५ या फॉर्मवर सही घेण्याची पद्धतही त्याच कायद्याने आणली. त्याआधी अनेकांना या वजावटीची पहिली बातमी लागे ती जोडीदाराच्या मृत्यूनंतर, सोशल सिक्युरिटीच्या खिडकीपाशी.

२०२३ च्या अखेरीस सुमारे २० लाख लोकांना वेप आणि सुमारे साडेसात लाखांना जीपीओ लागू होता. रद्द करण्याचे विधेयक वर्षानुवर्षे येई आणि पडून राही. या वेळी प्रतिनिधिगृहात गॅरेट ग्रेव्ह्ज आणि अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर, सिनेटमध्ये सुझन कॉलिन्स आणि शेरॉड ब्राउन यांनी ते रेटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते ३२७ विरुद्ध ७५, आणि डिसेंबरात ७६ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाले. जानेवारी २०२४ पासूनच्या लाभांना ते पूर्वलक्षी लागू झाले. दहा वर्षांत १९० अब्ज डॉलरहून अधिक खर्च येईल आणि सोशल सिक्युरिटीचा निधी साधारण सहा महिने आधी आटेल, असा काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब होता. वजावट सुधारून ठेवण्याचे पर्याय कागदावर होते. पण मतदानाच्या दिवशी शिक्षक, पोलीस आणि अग्निशामक जवान एकाच रांगेत उभे असताना सूत्रातल्या बारकाव्यांसाठी कोण थांबणार?

मराठी माणसाचा या प्रकरणाशी थेट संबंध वेपमधून येतो. जीपीओ फक्त अमेरिकेतल्या सरकारी पेन्शनला लागे. वेपला मात्र परदेशी पेन्शनही चाले. महाराष्ट्रातली सरकारी नोकरी संपवून मुलांकडे न्यू जर्सीला गेलेला आणि तिथे दहा वर्षे काम करून लाभासाठी लागणारी चाळीस क्रेडिट पुरी केलेला गृहस्थ भारतातल्या पेन्शनमुळे वजावटीत सापडे. आता तो सुटला. मात्र दोन्ही देशांतली कामाची वर्षे जोडून धरणारा अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा परस्पर करार तीसेक देशांशी असून भारताशी नाही. त्यामुळे सहा-सात वर्षे एच-१बी व्हिसावर कर भरून पुण्याला परतलेल्या इंजिनिअरच्या हाती अजूनही काही लागत नाही.

ज्यांची रक्कम कापली जात होती, त्यांना फरक आणि थकबाकी २०२५ मध्ये बहुतांशी आपोआप मिळाली. ज्यांनी अर्जच केला नव्हता, त्यांचे तसे झाले नाही. वजावटीनंतर शून्यच उरणार असे ऐकून अनेक विधवा शिक्षिका खिडकीवरून परत फिरल्या होत्या. त्यांना नव्याने अर्ज करावा लागला, आणि मागची रक्कम साधारणपणे अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांपुरतीच धरली गेली.