कीर्द भरली, खतावणी राहिली

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू होऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी फोनमध्ये जे जमवलंय ते बघाल तर म्हणाल, या माणसाला सगळं ठाऊक असणार. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालचा, पुनर्विकास कसा करावा हे सांगणारा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय तीनदा डाउनलोड केलाय, तिन्ही फाइलींची नावं वेगळी. शेजारच्या इमारतींच्या करारांचे फोटो आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, वकिलांच्या व्हिडिओंच्या लिंका आहेत. आणि ‘महत्त्वाचं’ नावाचं एक फोल्डर आहे, ज्याच्या पोटात ‘महत्त्वाचं २’ आहे.

गेल्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, “घर रिकामं केल्यावर भाडं देणार म्हणतात, ते किती महिन्यांचं आधी हातात पडणार? आणि काम रखडलं तर?” मी फोन काढून ‘भाडं’ शोधलं. ११८ ठिकाणी सापडलं. मी खालीवर करत असतानाच तळमजल्यावरच्या काकांनी चाळीस पानी वही उघडली, आधी शेवटचं पान बघितलं, मग मधलं एक काढलं आणि वाचून दाखवलं: कोणत्या बिल्डरनं काय लिहून दिलंय, कोणत्या तारखेच्या पत्रात, आणि कोण नुसतंच तोंडी बोललाय. काकांची हयात बँकेत गेली.

घरी आल्यावर जुन्या हिशेबातले दोन शब्द डोक्यात घोळत राहिले: कीर्द आणि खतावणी. दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमानं लिहायचं, ती कीर्द. मग सवडीनं त्यातली एकेक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची, ती खतावणी. कुणाकडून किती येणं आहे हे नुसत्या कीर्दीवरून सांगायचं तर अख्खी वही चाळावी लागते. फोनमध्ये आपण सगळे इमानेइतबारे कीर्द भरत असतो. खतावणीला कुणी बसत नाही.

ही उपमा आपल्याला सुचली म्हणून मी दोन दिवस खुशीत होतो. मग वाचनात आलं की ग्योटिंगेनचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक गेओर्ग लिश्टेनबर्ग यानं ती अठराव्या शतकातच लिहून ठेवलीय. इंग्रज व्यापारी आधी कच्च्या वहीत सगळं खरडतात, तिथून रोजकीर्दीत नेतात, मग खतावणीत. विद्वानांनीही असंच करावं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या स्वतःच्या कच्च्या वह्या मात्र आज त्याच्या शास्त्रीय लिखाणापेक्षा जास्त वाचल्या जातात. असो.

आपल्याकडे ‘टिपणं’ हे क्रियापद मोठं गमतीचं आहे. चिमणी दाणे टिपते, टिपकागद शाई टिपतो आणि आपण मुद्दे टिपतो. चिमणी दाणा घेते, खडा सोडते. टिपकागद समोर येईल ते पितो, आणि त्याच्यावर जे उमटतं ते उलटं असतं, वाचता येत नाही.

टिपण ठेवणं हा मराठी मुलखात आधी छंद नव्हता, हुद्दा होता. फडणीस हा शब्द फर्दनवीस वरून आला. फर्द म्हणजे सुटा कागद, यादी. चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा. मोडी भरभर लिहिता येते खरी, पण कागद महाग आणि हात एकच. त्यामुळे लिहिलेला बहुतेक कागद पुढे कुणीतरी मागणार असायचा: सावकार, मामलेदार, नाहीतर खुद्द हुजूर. राज्य गेलं तसे मागणारे गेले, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद बहुतांशी रुमालांत बांधलेले पडून राहिले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे ४५ भाग छापले, तेव्हा त्या कागदांना पुन्हा मागणारा मिळाला. कागद तेच, फक्त आता त्यांना इतिहासकार प्रश्न विचारत होता.

कीर्तनकारांची बाडंही, म्हणजे हातानं लिहिलेल्या जाड वह्या, याच जातीची. कोणता अभंग कोणत्या निरूपणाला लावायचा, हे डोळ्यांपुढे ठेवून उतरवलेली.

या प्रकारातलं मला सगळ्यात थक्क करणारं काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजातलं. तिथे १९४८ साली ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृतचा महाकोश करायला घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या, त्या भरल्या एक कोटीच्या आसपास. पहिला खंड १९७६ पासून यायला लागला आणि पस्तीसेक खंडांनंतरही गाडी ‘अ’ मध्येच आहे. साठेबाजी म्हणायची तर केवढी! पण तिथल्या वाचकानं चिठ्ठी लिहायला घेतली की ती कोणत्या शब्दाखाली जाणार हे तेव्हाच ठरलेलं असे. म्हणजे कीर्द आणि खतावणी एकाच हातासरशी. म्हणूनच तो साठा पाऊणशे वर्षांनंतरही कामाला येतो, आणि माझ्या ‘महत्त्वाचं २’ मध्ये काय आहे ते मला दोन महिन्यांनी आठवत नाही.

ठाण्याचंही एक नाव इथे घ्यायला हवं. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे ठाण्याचे. जुन्या मराठी कवितेची हस्तलिखितं त्यांनी धुंडाळली ती मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहायचा म्हणून. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, त्याच्या उभारणीतही ते होते. नावात ‘संग्रहालय’ असलं तरी ग्रंथालय नुसत्या संग्रहावर जगत नाही. पुस्तक कपाटातून निघून कुणाच्या तरी पिशवीत गेलं पाहिजे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. हे वेगळं सांगायची वेळ आली, कारण जपून ठेवणं हीच ग्रंथपालाची कामगिरी, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

युरोपात छपाई आल्यावर शंभर वर्षांच्या आतच पुस्तकं फार झाली अशी ओरड सुरू झाली. झुरिकच्या कॉनराड गेस्नरनं १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांची जंगी सूची छापली. कागदाच्या पट्ट्या कापून, हव्या तशा लावून मग चिकटवायच्या, ही युक्तीही त्यानं लिहून ठेवली. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं १६८६ मध्ये आपल्या टिपणवहीची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा सगळा जीव दोन पानांच्या सूचीत होता: विषयाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, त्यापुढे पानांचे आकडे. बाकी वहीत कुठेही काहीही लिहा.

टिपणं काढायचा नाद असलेल्यांत आज ज्याचा जप चालतो तो निक्लास लुमान हा जर्मन समाजशास्त्रज्ञ या सगळ्यांचा वारस. प्राध्यापक होण्याआधी तो सरकारी कचेरीत होता, म्हणजे एका अर्थी फडणीसच. त्याच्या लाकडी पेट्यांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीला क्रमांक, आणि एका चिठ्ठीवरून दुसरीकडे जायला तो क्रमांक लिहिलेला. १९८१ च्या एका लेखात त्यानं या पेटीला गप्पांतला जोडीदार म्हटलंय. नवी चिठ्ठी पेटीत कुठे, कोणत्या चिठ्ठीच्या मागे घालायची हे ठरवताना त्याला दर वेळी थांबून विचार करावा लागे, आणि खरं काम तिथेच होई. आपल्याकडच्या मोबाइलवेड्यांनी त्यातला ९०,००० हा आकडा तेवढा उचलला.

व्हॅनिव्हर बुश या अमेरिकी अभियंत्यानं जुलै १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ नावाच्या टेबलाची कल्पना मांडली: मायक्रोफिल्मवर सगळी पुस्तकं-पत्रं साठवायची आणि वाचणाऱ्यानं त्यांच्यामधून स्वतःच्या वाटा आखून ठेवायच्या. पुढच्या संगणकयुगानं साठवण घेतली. वाटा आखायचं काम माणसावर सोडलं, आणि ते राहून गेलं.

का राहिलं याचं माझं उत्तर साधं आहे. इतकी शतकं गाळणी होती ती दुखणाऱ्या हाताची. जे उतरवायचं ते बोटांनी उतरवायचं, म्हणून माणूस आपोआप निवडायचा. कष्ट गेले तशी गाळणीही गेली. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं ते १ जीबी जागा घेऊन, तेव्हा हॉटमेलवर फुकटात २ एमबी मिळत. आता काही पुसायची गरजच नाही, असं पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. २००८ मध्ये एव्हरनोट हे टिपणं साठवायचं ॲप आलं; बोधचिन्ह हत्तीचं, कारण हत्ती विसरत नाही म्हणतात. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचा हिशेब ठेवणंही सुटलं. नोव्हेंबर २०२२ पासून व्हॉट्सॲपनं स्वतःलाच मेसेज करायची सोय दिली. त्याआधी आम्ही बायकोला घेऊन ग्रुप काढायचो, मग तिला काढून टाकायचो आणि उरलेल्या एका माणसाच्या ग्रुपात लिंका टाकत बसायचो. ठाणे ते ऐरोली ट्रान्स हार्बर लोकलनं दहा-बारा मिनिटं लागतात; तेवढ्यात पाच-सहा गोष्टी ‘नंतर वाचू’ मध्ये सहज जातात. परतीच्या गाडीत आणखी पाच.

हर्बर्ट सायमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्येच बजावलं होतं की माहिती घेणाऱ्याचं लक्ष खाते, आणि माहिती मुबलक झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो.

लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ चा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. फोनकडे सोपवलं की डोकं हात झटकतं. पण वस्तूचा एखादाच भाग झूम करून टिपायला सांगितला, तेव्हा आठवण शाबूत राहिली, न टिपलेल्या भागाचीसुद्धा. काय घ्यायचं ते बघून घेतलं, एवढाच फरक.

आमच्या सभेनंतर काकांच्या त्या पानाचे किमान पंधरा जणांनी फोटो काढले. मीही काढला. मान्य आहे.

२०१७ मध्ये लुमानच्या पद्धतीवर झोन्के आरेन्सचं पुस्तक आलं, २०२० मध्ये ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप आलं, आणि टिपणं कशी काढावीत हाच एक नवा विषय झाला. मग त्याच विषयावरचे लेख लोक साठवू लागले! मीही एका ॲपमधून दुसऱ्यात तीनदा बिऱ्हाड हलवलं आणि दर वेळी वाटलं की आता घर लागलं. दरम्यान कोठारांनीही रंग दाखवले. डिसेंबर २०२३ मध्ये एव्हरनोटनं फुकटातली सोय ५० टिपणं आणि १ वही एवढ्यावर आणली. ‘पॉकेट’ हे नंतर वाचायच्या लेखांचं ॲप तर ८ जुलै २०२५ ला बंदच झालं. बंद होण्याआधी मी माझी यादी उतरवून घेतली: २,३०० च्या वर लिंका. त्यातल्या वाचलेल्या दोनशेही नसतील. ती यादी आता ‘महत्त्वाचं’ मध्ये आहे.

परवा काकांकडे वही बघायला गेलो. शेवटच्या पानावर सूची: ‘कॉर्पस – ७, २२. पार्किंग – ९. भाडं – १२, १९, ३३.’ लॉकचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही. पहिल्या पानावर वर लिहिलं होतं ‘मागील वहीवरून पुढे’, आणि खाली जेमतेम आठ ओळी.

“एवढंच?” मी विचारलं.

“ज्यांचा सोक्षमोक्ष लागला नाही तेवढेच मुद्दे पुढे ओढायचे. मिटलेलं खातं कशाला वाहायचं?”

“आणि ती मागची वही?”

काकांनी दाराकडे हात केला. “रद्दीवाला घेऊन गेला की.”