महिला दुहेरीच्या करंडकावरचे नाव

फ्रेंच ओपनमध्ये महिला एकेरीचा करंडक सुझान लेंग्लेनच्या नावाने दिला जातो. दुहेरीच्या करंडकाला नाव आहे फ्रान्सच्याच सिमोन मॅथ्यू या खेळाडूचे. लेंग्लेन टेनिसप्रेमींना ठाऊक असते. मॅथ्यूचे नाव आपल्याकडे क्वचितच कानावर येते, याची मला खंत वाटते.

ही स्पर्धा १८९१ची. महिलांची एकेरी १८९७मध्ये आली आणि दुहेरीला त्यानंतरही दहा वर्षे वाट पाहावी लागली. तोवर सारे फ्रेंच क्लबांच्या सदस्यांपुरतेच होते. परदेशी खेळाडूंना दार उघडले ते १९२५मध्ये. त्या वर्षी लेंग्लेन आणि दिदी व्लास्तो यांनी दुहेरी जिंकली. ही स्पर्धा आज जिथे होते ते रोलां गॅरोचे स्टेडियम तेव्हा उभेही नव्हते. ते १९२८मध्ये डेव्हिस करंडक या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेच्या लढतीसाठी बांधले गेले.

मॅथ्यूची कहाणी इथून पुढची. एकेरीच्या तब्बल सहा अंतिम सामन्यांत ती हरली आणि १९३८मध्ये कुठे पहिल्यांदा जिंकली. दुहेरीत मात्र १९३३ ते १९३९ या काळात तिने सहा विजेतेपदे मिळवली: दोन एलिझाबेथ रायनसोबत, तीन बिली यॉर्कसोबत आणि शेवटचे पोलंडच्या यद्विगा येंद्जेयोव्स्कासोबत. १९३८ साली तर एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी असे सगळेच तिच्याकडे आले. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. १९४०मध्ये लंडनमध्ये तिने जनरल द गॉल यांच्या, जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या मुक्त फ्रान्स सैन्यासाठी महिलांचे दल उभे केले. रॅकेट बाजूला ठेवून तिने पत्करलेले हे काम मला तिच्या सगळ्या विजयांहून मोठे वाटते.

फ्रेंच ओपन लाल मातीवर खेळली जाते; या मातीवर चेंडू संथ येतो आणि उंच उसळतो. नुसत्या सर्व्हिसवर गुण पदरात पडत नाही, जोडीला तो घडवावा लागतो. म्हणून इथे टिकून राहणाऱ्यांचे मोल मोठे. फ्रान्सच्या फ्रान्स्वाज ड्यूरने १९६७पासून सलग पाच वेळा दुहेरी जिंकली. मार्टिना नवरातिलोव्हाने चार वेगवेगळ्या जोडीदारांसह सात वेळा. सानिया मिर्झा २०११मध्ये एलेना व्हेस्निनासोबत अंतिम फेरीत पोहोचली आणि हरली. महिला दुहेरीतले हे एकच ग्रँडस्लॅम तिच्या हाती लागले नाही.

२०१९मध्ये पॅरिसमधल्या ओतोईच्या वनस्पती उद्यानात, काचेच्या हरितगृहांनी वेढलेले नवे कोर्ट खुले झाले. त्यालाही सिमोन मॅथ्यूचेच नाव दिले आहे.