सायकलच्या जुन्या पार्टचा गंज घरी काढणे

जुन्या सायकलचं हॅण्डल, रिम, मडगार्ड, कॅरिअर, नट-बोल्ट असल्या लोखंडी पार्टवर चढलेला गंज किराणा आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सामानानं घरीच काढायचं काम. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 ला सुरू झाली, पुढं गिरण्या बंद पडत गेल्या नि यंत्रमाग राहिले, पण पाळीला जाणाऱ्याची सायकल होतीच, त्यामुळं इथं जिन्याखाली नाहीतर माळ्यावर आजोबांची हर्क्युलस किंवा अ‍ॅटलस अजून सापडते. तिचं लोखंड जाड असतंय, वरचा गंज बघून भंगारात घालायची घाई अजिबात करू नये.

सोलापूरची हवा वर्षातला बराच काळ कोरडी, म्हणून कोकणातल्यासारखं लोखंड इथं झपाट्यानं खात नाही. गंज धरतो तो पावसाळ्यात, नाहीतर बोअरच्या खारट पाण्यानं धुऊन सायकल तशीच ओली ठेवली की, कारण क्षारांमुळं गंजायचा वेग वाढतो. क्रोमला स्वतःला तांबडा गंज येत नाही, त्या थराला बारीक भोकं पडतात आणि त्यातून ओल खालच्या लोखंडापर्यंत जाते, मग वर ठिपके दिसतात. म्हणून क्रोमवर पॉलिश पेपर मारणं हा सगळ्यात मोठा घात, गंजाबरोबर क्रोमपण जातं आणि ते घरी परत चढवता येत नाही. तिथं अ‍ॅल्युमिनियम फॉईलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासायचा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतंय त्यामुळं चरे पडत नाहीत.

बिगर क्रोमच्या, जास्त गंजलेल्या पार्टला सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्व, चांगलं. लिटरभर पाण्यात 50 ते 100 ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत, आधी ग्रीस आणि तेल रॉकेल नाहीतर डिझेलनं पुसून काढायचं कारण तेलकट जागी अ‍ॅसिड लागतच नाही. मधेमधे काढून जुन्या टूथब्रशनं घासायचं, काही तासांत गंज सुटतो, फार तर रात्रभर, त्यापुढं ठेवलं तर चांगलं लोखंडपण खायला लागतंय. हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, छर्रे, कोन, वाटी आधी काढून घ्यायचे, हब तसाच बुडवू नये. अ‍ॅल्युमिनियमचे आणि जस्त चढवलेले पार्ट यात टाकायचेच नाहीत.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड बरेच जण वापरतात, गंज पटकन निघतो हे खरं, पण त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतंय, वाफ छातीत जाते, क्रोम खराब होतंय आणि धुतल्यावर पुन्हा लगेच गंज धरतो. घरात लहान मुलं असतील तर ते नकोच.

खरं काम बाहेर काढल्यावर आहे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेल्या अ‍ॅसिडचा जोर मारायचा, स्वच्छ पाण्यानं धुवायचं, फडक्यानं कोरडं करून लगेच उन्हात ठेवायचं, सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन याला फार कामाचं, आणि पार्ट गरम असतानाच तेलाचा हात फिरवायचा किंवा रंगवायचं असेल तर रंगाआधीचा रेड ऑक्साईडचा हात मारायचा. हे टाळलं तर ओल्या उघड्या लोखंडावर तासाभरात पिवळट थर येतो आणि सगळी मेहनत वाया.

चेनच्या कड्या आखडल्या असतील, ब्रेकची वायर गंजली असेल किंवा पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला खोल खड्डे पडले असतील तर साफ करत बसू नये, ते पार्ट नवेच घालायचे.