रक्तनिदर्शक, गंभीर विषाणुजन्य आजारांतील

विषाणुजन्य तापाचा रुग्ण घरीच बरा होईल की त्याला अतिदक्षता विभाग लागेल, याचा अंदाज बांधण्यासाठी रक्तात मोजले जाणारे घटक. रोग ओळखण्याच्या चाचण्या (उदा., डेंग्यूची एनएस-१) यांत मोडत नाहीत. कोकणपट्टीत डेंग्यू, कोविड-१९ आणि माकडताप या तीन आजारांच्या संदर्भात हे निदर्शक विशेष महत्त्वाचे आहेत.

डेंग्यू : अहवाल हाती येताच नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘पेशी किती?’ (म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट किती) असा असतो. मात्र डेंग्यूत जिवाला मुख्य धोका केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपण्याचा असून त्याची खूण हिमॅटोक्रिटमध्ये दिसते. रक्ताने भरलेली बारीक काचनळी यंत्रात वेगाने फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात. रक्ताच्या एकूण उंचीत त्यांच्या थराचा वाटा म्हणजे हिमॅटोक्रिट. तो ४० टक्क्यांवरून ४८ वर गेला, तर मूळ पातळीच्या मानाने २० टक्के वाढ झाली, आणि एवढी वाढ ठळक झिरप दर्शवते. ती बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसांत होते. म्हणून ताप गेला की तपासणी थांबवणे घातक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणात प्लेटलेट झपाट्याने घटत असताना हिमॅटोक्रिट वाढणे हे धोक्याचे लक्षण मानले आहे. सिंगापूर व मलेशियातील प्रौढ रुग्णांवरील चाचणीत (२०१७) प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून कमी असूनही रक्तस्राव नसलेल्यांना प्लेटलेट दिल्याने पुढचा रक्तस्राव टळला नाही. केवळ आकडा पाहून प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी गोव्यातील बांबोळी किंवा कोल्हापूरपर्यंत होणारी धावपळ त्यामुळे बहुतेकदा अनाठायी ठरते.

भातशेतीच्या हंगामात आढळणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही प्लेटलेट घटतात. हा जिवाणूजन्य रोग आहे; त्यात क्रिॲटिनीन (मूत्रपिंडाचा निदर्शक) व बिलिरुबिन (काविळीचा निदर्शक) चढू लागल्यास प्रतिजैविकांना उशीर करून चालत नाही.

कोविड-१९ : यात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी, दाह वाढला की वाढणारे प्रथिन), डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा तुकडा), फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन), एलडीएच (पेशींना इजा झाल्यास रक्तात वाढणारे विकर) आणि लिम्फोसाइटची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घट यांचा अभ्यास झाला. सीआरपीचा शोध १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत लागला. ते यकृतात बनते आणि रक्तातील त्याचा अर्धायुकाल सुमारे १९ तास असल्याने दाह चढतो की उतरतो, हे त्यावरून लवकर कळते. वूहानमधील १९१ रुग्णांच्या अभ्यासात (२०२०) दाखल होताना डी-डायमर १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटरहून अधिक असण्याचा मृत्यूशी संबंध आढळला. या चाचणीत एककांचा घोळ फार होतो. काही प्रयोगशाळा फायब्रिनोजेन-तुल्य (फायब्रिनोजेन हे गुठळी बनवणारे प्रथिन) एकक वापरतात, तर काही डी-डायमर एकक; पहिल्यातील ५०० म्हणजे दुसऱ्यातील अंदाजे २५०. दोन गावांतील अहवाल एकक न पाहता शेजारी ठेवले, तर प्रकृती सुधारल्याचा किंवा बिघडल्याचा खोटा भास होतो. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या ४-सी मृत्यू-अनुमान गुणांकनात आठ बाबी असून रक्तचाचण्या दोनच आहेत : युरिया व सीआरपी. उरलेल्या बाबींत वय, श्वासगती, ऑक्सिजनची पातळी, शुद्धीची स्थिती इत्यादी येतात. ग्रामीण रुग्णालयाच्या दृष्टीने इंटरल्यूकिन-६ (दाहाचा संदेश देणारे प्रथिन) या महागड्या चाचणीपेक्षा हीच वाट अधिक उपयोगी दिसते.

माकडताप : गोचिडीमार्फत पसरणारा हा रोग १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला, सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये त्याचे रुग्ण आढळले. विषाणू सह्याद्रीतून उत्तरेकडे सरकला, असे एक मत आहे. तो आधीपासूनच होता आणि तपासणी वाढल्यावर दिसू लागला, असे दुसरे. सौराष्ट्र-कच्छसारख्या दूरच्या भागांतही पूर्वी प्रतिपिंडे आढळल्यामुळे दुसरे मत अगदीच दुर्लक्षण्याजोगे नाही. काजूच्या हंगामात बागांत वावरणाऱ्यांना धोका अधिक. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात, यकृतातील विकरे वाढतात. मात्र त्यांवर आधारित सर्वमान्य गुणांकन रूढ नाही. काही रुग्णांना एक-दोन आठवडे बरे वाटल्यावर पुन्हा ताप येऊन मेंदूविकाराची लक्षणे दिसतात, त्यामुळे पहिल्या टप्प्यानंतर पेशी सावरल्या तरी रुग्णावर लक्ष ठेवावे लागते.